वाटीभर तेल

टक्कल पडू लागलेल्या माणसाला उपाय सांगण्याचा अधिकार आपल्या समाजात प्रत्येकाला जन्मतःच मिळालेला असतो. पोट दुखत असेल तर लोक निदान ‘काल काय खाल्ले होते?’ एवढे तरी विचारतात. खोकला असेल तर एखाद्या डॉक्टरचे नाव सुचवतात. केस जाणाऱ्याला मात्र कोणी काही विचारीत नाही, एकदम उपायच सांगतात. एसटीत शेजारी बसलेला अनोळखी गृहस्थ सांगतो, भाजी तोलता तोलता भाजीवाली सांगते, आणि ज्याच्या स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस उरलेला नाही असा मनुष्यही तितक्याच आत्मविश्वासाने सांगतो. कांद्याचा रस, मेथ्यांचा लेप, कोरफडीचा गर, वडाच्या पारंब्या उकळून केलेले तेल, जास्वंद, ब्राह्मी, माका, आवळा. माझ्या डोक्यावर तिसाव्या वर्षी चांदणे पडू लागले. आता सत्तरी उलटल्यावर तिथे लख्ख पौर्णिमा आहे. या चाळीस वर्षांत मला फुकट मिळालेले उपाय लिहून ठेवले असते तर एक ग्रंथ झाला असता, आणि तो खपलाही असता.

हे मी थट्टेने लिहीत असलो तरी ज्या प्रश्नाकडे मला यायचे आहे तो थट्टेचा नाही. जो उपाय लागू पडेल की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, तो दुसऱ्याला छातीठोकपणे सांगणे, याला प्रेम म्हणावे की अपराध? कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीत नीती-अनीतीचा घोळ कशाला? तेलाने केस आले नाहीत तरी बिघडले काय? डोके तर थंड राहिले! वरवर पाहता हे म्हणणे बिनतोड आहे. पण ते डोके कोणाचे आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते.

वाईला आमच्या घरी आई तेल करीत असे. कृष्णेच्या काठी ओलसर जागी माका मुबलक उगवतो. बारीक पांढरी फुले, खरबरीत पाने. पाने चुरली की बोटे काळी होतात. पावसाळा सरता सरता आई तो आणवून घेई, पाट्यावर वाटून त्याचा रस काढी, खोबरेलात घाली, त्यात जास्वंदीची फुले आणि आवळकाठी टाकी, आणि कल्हईच्या पातेल्यात मंद आचेवर तासन् तास ठेवी. दिवाळीच्या आधीचा घाणा सगळ्यांत मोठा, कारण नरकचतुर्दशीच्या पहाटे साऱ्या आळीला अभ्यंगासाठी तेच तेल हवे असे. एरवीही बायका पदराखाली वाटी धरून येत. आई पैसे घेत नसे. तिचे एक वाक्य ठरलेले होते: ‘तेल मी देते, केसांचं मला विचारू नका.’ समोरची बाई फिकट दिसली तर तेल देण्यापूर्वी ती तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाही आणि म्हणे, ‘आधी दवाखान्यात जाऊन ये. रक्त नाही अंगात, केस कुठून असणार?’ शिकलेल्या माणसांनाही हे नेहमी सुचत नाही. केस गळणे हा पुष्कळदा नुसता निरोप असतो: रक्त कमी झाले आहे, थायरॉईडची ग्रंथी बिघडली आहे. अशा वेळी तेल चोपडत बसणे म्हणजे निरोप्याला दारातूनच परत पाठवण्यासारखे आहे.

आईच्या तेलाची कीर्ती मात्र मोठी होती, आणि ती कशी झाली हे समजून घेण्यासारखे आहे. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि त्यांतले पन्नास ते शंभर रोज गळतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग दोन-तीन महिने विसावा घेऊन गळून पडतो आणि त्याच मुळातून नवा उगवतो. बाळंतपण, मुदतीचा ताप, मोठी शस्त्रक्रिया, उपासमार असे काही झाले, की पुष्कळसे केस वाढायचे सोडून एकदम विसाव्याला जातात. गंमत अशी, की ते त्या वेळी गळत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी गळतात. 2020 आणि 2021 साली कोविडमधून उठलेल्या कित्येकांनी हा अनुभव घेतला. आजार विसरायला झाला आणि मग फणी भरून केस येऊ लागले. कारण दूर झालेले असेल तर हे केस बहुधा काही महिन्यांत आपले आपण परत येतात.

आता घडते ते असे. बाळंतीण चौथ्या महिन्यात फणीतला गुंता पाहून घाबरते. वाटी घेऊन आईकडे येते. पाच-सहा महिने तेल लावते. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत केस भरून येतात. ते तेलाशिवायही आले असते हे त्या बाईला कोण सांगणार, आणि सांगितले तरी ती का ऐकेल? जे आपोआप बरे व्हायचे असते त्याचे श्रेय त्या वेळी जो हजर असेल त्याला मिळते. (राज्यकर्त्यांचेही पुष्कळदा असेच चालते, पण तो विषय दिवाळी अंकात नको.) तेल अगदीच निरुपयोगी असते असेही नाही. मुंबईच्या एका तेलकंपनीतील संशोधकांनी 2003 साली दाखवून दिले, की खोबरेल केसाच्या आत शिरते आणि केस धुताना-विंचरताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. तेलवाल्यांनीच तेलाची परीक्षा घेतली म्हणून मनात थोडी शंका ठेवायला हरकत नाही. पण ते खरे धरले तरी ही राखण झाली उगवलेल्या केसाची. ज्या मुळाने उगवणेच सोडले आहे त्याला खोबरेल काय समजावणार?

माझ्या डोक्याचे तसेच होते. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी आणि टाळूवरून सरकत जाणारे हे टक्कल आनुवंशिक. पुरुषाच्या शरीरातल्याच एका संप्रेरकापुढे केसांची मुळे वर्षानुवर्षे आकसत जातात. यावर खरी म्हणावीत अशी औषधे पुढे निघाली. मिनॉक्सिडिल ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा तिचे डोक्याला लावायचे औषध झाले आणि 1988 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. फिनास्टेराइडला टकलासाठी मान्यता मिळाली ती 1997 साली. दोहोंनी काहींना गुण येतो, काहींना येत नाही. आणि औषध थांबवले की मिळवलेले केस पुन्हा निघून जातात. म्हणजे ते मालकीचे होत नाहीत, भाड्याने राहतात. तरीही या औषधांचा एक गुण मला आवडतो. आपल्याला काय जमते आणि काय जमत नाही हे ती आधीच सांगतात.

माझ्या वेळी यांतले काही हाताशी नव्हते. सुटीला वाईला गेलो की आई मला पाटावर बसवी, स्वतः मागे स्टूल घेऊन बसे आणि टाळूवर तेल ओतून दोन्ही हातांनी जिरवी. केस येणार नाहीत हे मला ठाऊक होते. तिलाही ठाऊक होते. माझ्या वडिलांचे डोके तिने आयुष्यभर पाहिले होते. तरी ती जिरवीत असे आणि मी जिरवून घेत असे. आम्ही मायलेक एकमेकांशी खोटे वागत होतो काय? मला तसे वाटत नाही. तिच्या बोटांना माझ्या डोक्याशी काम होते, केस हे त्या कामाचे निमित्त होते, आणि निमित्त कोणते आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होते. दोघांनाही माहीत असलेल्या खोट्याने कोणी फसत नाही. फसवणूक सुरू होते ती एकजण विश्वास ठेवू लागला म्हणजे.

माझ्या पुतणीची मुलगी पुण्याला कॉलेजात शिकते. दोन वर्षांपूर्वी तिला चाई पडली. आधी कानामागे रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा, मग डावीकडे दुसरा, मग टाळूजवळ तिसरा. चाई म्हणजे शरीराची संरक्षक फौज चुकून स्वतःच्याच केसांच्या मुळांवर चालून जाते. जुन्या वैद्यांनी तिला इंद्रलुप्त म्हटले आहे. ती स्पर्शाने पसरत नाही. मुळे मरत नाहीत, त्यामुळे केस पुष्कळदा आपोआप परत येतात. आलेले पुन्हा जातात. काहींचे येतच नाहीत. कोणाचे काय होईल हे आधी सांगता येत नाही, आणि ‘सांगता येत नाही’ एवढे तीन शब्द सहन करणे माणसाला फार जड जाते. घरात उपायांची रांग लागली. कांद्याच्या रसाला निदान थोडासा आधार तरी आहे: 2002 साली बगदादच्या डॉक्टरांनी चाईच्या रुग्णांना तो लावून पाहिला, तेव्हा नुसते पाणी लावलेल्यांपेक्षा रस लावलेल्यांत अधिक जणांना केस आले. पण ते सारे रुग्ण मिळून चाळीसही नव्हते. दुसऱ्या कोणी गुंजेचा लेप सुचवला; गुंजेचे बी विषारी असते हे सांगणाऱ्याच्या गावी नसावे. दही बंद झाले, लोणचे बंद झाले, जागरण बंद झाले, आणि शेवटी ‘फार विचार करणे’ही बंद करायला सांगण्यात आले. विचार करणे बंद कसे करतात हे मात्र कोणी सांगितले नाही.

गेल्या दिवाळीत ती आमच्याकडे आली होती. डोक्याला रुमाल बांधलेला. दुपारी बाकीची मंडळी जेवून लवंडली तेव्हा तिने मला एक वही दाखवली. महिन्यांचे तक्ते आखले होते. ज्या दिवशी रस लावला त्या दिवसावर बरोबरची खूण, ज्या दिवशी राहिला त्यावर लाल फुली. परीक्षेच्या आठवड्यात ओळीने पाच फुल्या होत्या. ‘आजोबा, हे बघा,’ ती म्हणाली, ‘हे पाच दिवस चुकले आणि त्यानंतरच डावीकडचा चट्टा वाढला. माझंच चुकलं.’

ती वही पाहिल्यापासून मला या प्रश्नाचे टोक सापडल्यासारखे वाटते. छातीठोक सांगितलेला उपाय कधी एकटा येत नाही. त्याच्याबरोबर ‘नेमाने’, ‘श्रद्धेने’ आणि ‘पथ्य पाळून’ हे शब्द येतात. सांगणाऱ्यासाठी ती सुटकेची दारे असतात. गुण आला तर तो उपायाचा. न आला तर नेम चुकला असेल, श्रद्धा कमी पडली असेल, कधीतरी चोरून दही खाल्ले असेल. उपाय कधीच हरत नाही, म्हणून दर वेळी रोगी हरतो. जिचे केस गेले होते त्या मुलीच्या पदरात आम्ही सर्वांनी मिळून, अत्यंत मायेने, केस गेल्याचा दोषही घातला होता. एखाद्याला दुःख आहे म्हणून आपण धावून जावे आणि परत येताना त्याला गुन्हेगार करून यावे, याला आपल्याकडे केसाने गळा कापणे म्हणतात. फक्त इथे कापणाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो.

आई कोणाही बाईला ‘तेल नेमाने लावतेस ना?’ असे विचारीत नसे. मला त्याचे लहानपणी नवल वाटे. वाटी रिकामी झाली की बाई यायची, आई ती भरून द्यायची, मधल्या दिवसांचा हिशेब कोणी मागायचे नाही.

कायद्याने हा प्रश्न आपल्या परीने सोडवला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने यांसंबंधीच्या 1945 सालच्या नियमांना ‘जे’ नावाची एक अनुसूची आहे. कोणकोणते विकार बरे करण्याचा दावा औषधाने करू नये याची ती यादी. आणि तीत टक्कल आहे. पण कायदा बाटलीवरच्या चिठ्ठीला धरतो. ओट्यावर बसून मायेने सांगितलेल्या उपायाला धरत नाही, आणि धरू लागला तर आपल्यातले निम्मे लोक तुरुंगात जातील.

दोष असा आतल्या बाजूला वळतो तेव्हा खरे कारण बाहेर मोकळे राहते. 2024 च्या डिसेंबरअखेरीस बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस काही दिवसांत मुठीने हातात येऊ लागले. पुरुष, बायका, मुले. पाण्यावर संशय गेला, बुरशीवर गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक येऊन गेले. विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्या परिचयाचे असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गावांत जाऊन नमुने तपासून घेतले आणि रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. रुग्णांच्या शरीरात ते वाढलेले होते आणि जस्त कमी झालेले होते. पुढे पुष्कळांचे केस परत येऊ लागले. पण मधल्या काळात कॉलेजातली मुले-मुली घरी बसली, सोयरिकी अडल्या, असे वर्तमानपत्रांत आले. गहू कोठून आला हे त्या मुलींनी ठरवले नव्हते. तरी तोंड लपवायची पाळी गव्हावर आली नाही, त्यांच्यावर आली.

मुलींवर अधिक आली हेही खरे. बाईच्या डोक्याशी आपला व्यवहार फार जुना आणि वाईट आहे. मी लहान असताना आमच्या घरी वडिलांच्या आत्या होत्या, आलवण नेसणाऱ्या. त्यांच्यासाठी न्हावी मागच्या दाराने येई, आणि आम्हा मुलांना तेव्हा पुढच्या अंगणात पिटाळले जाई. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी एकत्र येऊन विधवांचे केशवपन करायचे नाही असे ठरवले होते. तरी काही घरांत ती चाल त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ चालूच राहिली, आमचे त्यांतलेच. आत्यांच्या केसांना कोणताही रोग नव्हता. त्यांच्या डोक्याला रोग जडला होता तो आमच्या घराचा. आई रोज रात्री, निजानीज झाल्यावर, त्यांच्याही डोक्याला तेल लावी. तिथे केस येण्याचा प्रश्न नव्हता. आले असते तर पुन्हा न्हावी आला असता. आत्या डोळे मिटून बसत. कधी कधी त्यांना तिथेच झोप लागे.

वही घेऊन बसलेल्या त्या मुलीला मी म्हणालो, ‘या फुल्यांचा आणि चट्ट्यांचा काही संबंध नाही. चाईला वही वाचता येत नाही. केस येतीलही, न येतीलही. डॉक्टरांच्या उपचाराने येण्याची शक्यता वाढेल. पण नाही आले तर त्यात तुझं काही चुकलेलं नसेल.’ ती बराच वेळ रडली. रात्री पुतणीने मला गाठले. ‘काका, तिच्याकडे तेवढी एक आशा होती, तीही तुम्ही काढून घेतलीत. तुमचं काय जातं? पुरुषाला टक्कल शोभून दिसतं.’

तिच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. पहिल्याला आहे असे वाटते, पण ते मी तिला त्या रात्री दिले नाही. कारण एक गोष्ट मला दिसत होती. गेले सहा महिने ही बाई रोज पहाटे पाचला उठून, कामावर जाण्यापूर्वी कांदे किसून, फडक्यातून पिळून रस काढीत होती. तिच्या हातांना कांद्याचा वास कायमचा बसला होता. रस निरुपयोगी ठरवला की त्या सहा महिन्यांचे आणि त्या हातांचे काय करायचे? मुलीकडून आशा काढून घेतली असे ती म्हणत होती. मला वाटते, मी काम काढून घेतले होते, आणि ते तिचे होते.

पुढे त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणे झाले. चट्ट्यांत बारीक सुईने औषध टोचतात, ते सुरू झाले. चाई फारच पसरलेल्यांसाठी आता गोळ्याही निघाल्या आहेत; बॅरिसिटिनिबला 2022 साली अमेरिकेत मान्यता मिळाली. हिला तिथवर जावे लागले नाही. कानामागचा चट्टा भरून आला. नवे केस आधी पांढरे आले, चाईत ते पुष्कळदा तसेच येतात, आणि मग काळे झाले. टाळूजवळचा निम्मा भरला. डावीकडचा तसाच आहे. घरातल्या बहुतेकांचे मत, जे काही आले ते कांद्याने आले. मी वाद घालीत नाही. मुलगी हल्ली रुमाल कधी बांधते, कधी बांधत नाही. वहीचे काय झाले ते मी विचारलेले नाही.

यंदा नवरात्रात पुतणीचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाली, ‘काका, आजीच्या तेलाची कृती तुम्हाला आठवते का हो?’ कशासाठी हवी ते तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसलो आणि लिहून पाठवली. माका कोवळा घ्यावा, मुळे काढून स्वच्छ धुवावा. रसाच्या चौपट खोबरेल. जास्वंदीची फुले लाल, एकेरी, देठ काढून. आवळकाठी मूठभर, आदल्या रात्री भिजत घातलेली. आच मंद, घाई करू नये, तळाशी लागले तर सगळे वाया जाते. झाले की नाही हे पाहण्यासाठी आई कापसाची वात त्यात बुडवून पेटवीत असे. तडतडली तर तेलात पाणी अजून आहे असे समजावे, आणि आणखी थोडा वेळ ठेवावे.